वाद्यांविना कविता : कोलकात्याच्या वृंदगानाचा मागोवा

16 ऑक्टोबर 1905 रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी कोलकात्याच्या रस्त्यांवर रवींद्रनाथ ठाकुरांचं नवं गाणं घुमलं. ते गात लोक गंगेवर गेले आणि त्यांनी एकमेकांना राख्या बांधल्या. पुढे 27 डिसेंबर 1911 रोजी याच शहरात, काँग्रेसच्या अधिवेशनात, ‘जन गण मन’ समूहाने प्रथम गायलं. मात्र आपल्याकडच्या समूहगानाची जुनी रीत एकच चाल सर्वांनी मिळून गाण्याची. वेगवेगळ्या स्वरांचे थर एकावर एक रचणारं वृंदगान नंतर आलं.

रवींद्रनाथांच्या कवितेला तसं रूप मिळालं दूर चेकोस्लोव्हाकियात. 1921मध्ये प्रागला त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत संगीतकार लेओश यानाचेक होते. त्यांचं लक्ष होतं कवीच्या बोलण्यातल्या सुरांकडे. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘परशपाथर’ ही परिसाच्या शोधात वेडा झालेल्या माणसाची कविता पुरुषवृंदासाठी बांधली. त्यात एकही वाद्य नाही. वेड्याच्या कमरेची साखळी सोन्याची झाल्याचं खेड्यातला मुलगा त्याला दाखवतो, तिथे पुरुषांच्या भरदार आवाजांवर एकच उंच स्त्रीस्वर येतो. कवितेला कलाटणी देणारा तो क्षण केवळ गळ्यांनी उभा राहतो.

बंगालमध्ये हे काम पुढे नेलं संगीतकार सलील चौधुरी यांनी. वडील आसामच्या चहामळ्यात डॉक्टर. त्यांच्या तबकड्यांतून सलीलदांच्या कानावर पाश्चात्त्य सिंफनी पडली. 1943मध्ये स्थापन झालेल्या ‘इप्टा’च्या (भारतीय जननाट्य संघाच्या) चळवळीत त्यांची गाणी लोकांपर्यंत गेली. मुंबईत त्यांनी ‘बॉम्बे यूथ क्वायर’ हा गानवृंद उभा केला. 1958मध्ये गायिका रुमा गुहाठाकुरता यांनी सलीलदा आणि सत्यजित राय यांच्या साथीने ‘कलकत्ता यूथ क्वायर’ स्थापन केला.

सत्येंद्रनाथ दत्तांच्या ‘पालकीर गान’ला सलीलदांनी दिलेली चाल हेमंतकुमारांनी गायली. भर उन्हात पालखी वाहणाऱ्या भोयांची ती कविता. अशी कविता वाद्यांविना गायची तर ठेका शब्दांच्या आघातातूनच यायला हवा. भोई दमले की लय ओढली जाते, आवाज खाली येतो. पण आवाज लहान झाला तरी सूर उतरता कामा नये. सावरायला पेटी नसते. म्हणून सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारचा गात असताना आपण घ्यायचा, म्हणजे ओळ तुटत नाही. शेवटचं व्यंजन मात्र सर्वांच्या तोंडून एकाच क्षणी सुटलं पाहिजे.

आवाज कुठे चढवायचा आणि कुठे आवरायचा, हे कवितेचा अर्थ ठरवतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांतलं समूहगान बऱ्याचदा पहिल्या ओळीपासून एकाच जोराने गायलं जातं, आणि त्यात कविताच हरवते. केशवसुतांची ‘तुतारी’ किंवा कुसुमाग्रजांचं ‘कोलंबसाचे गर्वगीत’ घ्या. आधी सगळ्यांनी मोठ्याने वाचा, अर्थावर बोला, मग पेटी-तबला बाजूला ठेवून गा. मराठी कवितेत एवढी ताकद आहे. आपण ती गळ्यावर पेलायला शिकलं पाहिजे.