प्रकाशाची वाटणी

इ. स. १८३९ हे वर्ष एका योगायोगासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकेरेल याला प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो असे आढळले. आणि त्याच वर्षी गुस्टाव्ह रोझ याने उरल पर्वतातील एका नव्या खनिजाचे वर्णन करून त्याला ‘पेरोव्हस्काइट’ हे नाव दिले. या दोन घटनांची गाठ पडण्यास सुमारे १७० वर्षे लागली.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट घडविला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पुढे ती वाढत गेली. परंतु एकाच पदार्थाच्या घटाला मर्यादा असते, हे शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखविले. अवरक्त किरणांपैकी बरेचसे सिलिकॉनमधून आरपार निघून जातात, तर निळ्या-जांभळ्या किरणांतील जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून एकट्या सिलिकॉनची धाव तत्त्वतः २९ टक्क्यांच्या आसपास संपते.

यावर उपाय म्हणजे कामाची वाटणी. वरच्या थराने निळा-हिरवा प्रकाश टिपावा आणि उरलेला तांबडा व अवरक्त प्रकाश खालच्या थराकडे सोपवावा. मात्र हे थर एकसरीत जोडले, की सर्वांत दुबळा थर साऱ्यांच्या विद्युत्प्रवाहाला लगाम घालतो. शिवाय स्फटिकांची रचनाही परस्परांशी जुळावी लागते. १९८०च्या दशकात अमेरिकेत जेरी ओल्सन यांनी गॅलियम आर्सेनाइडवर गॅलियम इंडियम फॉस्फाइडचा थर चढवून ही जुळणी साधली. असे घट महाग असल्याने ते मुख्यतः अंतराळात वापरले गेले. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाड्या अशाच तीन थरांच्या घटांवर चालल्या.

२००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांनी पेरोव्हस्काइटसारखी स्फटिकरचना असलेल्या पदार्थाचा प्रकाश टिपण्यासाठी उपयोग केला, तेव्हा कार्यक्षमता अवघी ३.८ टक्के होती. परंतु हा पदार्थ द्रावणातून स्वस्तात बनतो, आणि त्यातील आयोडीन-ब्रोमीनचे प्रमाण बदलून तो कोणता प्रकाश टिपेल हे ठरविता येते. सिलिकॉनला हवा तसा जोडीदार लाभला. २०२४ मध्ये चीनच्या लोंगी कंपनीच्या अशा जोडघटाने प्रयोगशाळेत ३४.६ टक्क्यांची मजल गाठली. मुंबईच्या आयआयटीतही या जोडघटांवर संशोधन चालू आहे.

खरी कसोटी अजून पुढेच आहे. सिलिकॉनची पाटी छपरावर पंचवीस वर्षे टिकते; पेरोव्हस्काइट मात्र ओल आणि उष्णता यांपुढे लवकर खचते, आणि त्यात शिसेही असते. भारतातील पावसाळा व उन्हाळा सोसून हा नवा थर जुन्याइतका टिकला, तरच तेवढ्याच छपरावर अधिक वीज पिकेल. त्याचे उत्तर शोधणारे हात कदाचित आजच्या शाळांतील बाकांवरच तयार होत असतील.