जिंकले, पण यजमानपद नको

युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा युरोपातल्या सार्वजनिक प्रसारणसंस्था लोकांच्या पैशातून भरवतात. हा खर्च योग्य का, या वादात मते भरपूर आणि आकडे थोडे. म्हणून आधी दोन साध्या याद्या शेजारी ठेवू : कोण कधी जिंकले, आणि पुढच्या वर्षी स्पर्धा कुठे भरली. १९५८ पासून विजेत्या देशाने पुढचे यजमानपद घ्यायचे असा प्रघात पडला. याद्या जिथे जुळत नाहीत, तिथे कोणीतरी हात वर केले असणार.

न जुळणारी वर्षे सहा. त्यांतले २०२३ बाजूला ठेवू. युक्रेनऐवजी लिव्हरपूलला स्पर्धा झाली ती युद्धामुळे. उरली १९६०, १९६३, १९७२, १९७४ आणि १९८०.

या पाचांची कारणे एकाच तागडीत घालता येत नाहीत. नेदरलँड्स १९५९ मध्ये जिंकले, पण हिल्व्हरसमला १९५८ चीच स्पर्धा झालेली होती. फ्रान्स १९६२ मध्ये जिंकला. त्याने कान येथे १९५९ आणि १९६१ अशी दोनदा स्पर्धा भरवली होती. दोघांनीही इतक्या लवकर पुन्हा भार उचलायला नकार दिला. त्यामागे पैसाच होता, हा तर्क. सबळ, पण तर्कच. १९७१ च्या विजेत्या मोनॅकोकडे तर सोयीचे सभागृहच नव्हते. खर्चाचे कारण स्पष्ट नोंदलेले आहे ते दोन ठिकाणी : १९७२ आणि १९७३ असे लागोपाठ जिंकलेले लक्झेंबर्ग, आणि १९७८ व १९७९ जिंकलेला इस्रायल. १९७९ च्या जेरुसलेममधल्या स्पर्धेनंतर लगेच दुसरी स्पर्धा इस्रायली प्रसारणसंस्थेला झेपणारी नव्हती. ती हेगला गेली, आणि ठरलेली तारीख इस्रायलच्या हुतात्मा स्मृतिदिनाशी जुळत असल्याने गतविजेता १९८० च्या स्पर्धेत उतरलाच नाही.

आता दुसरी, यजमानांची यादी पाहा. पाचपैकी चार वेळा ओझे बीबीसीने उचलले : रॉयल फेस्टिव्हल हॉल, लंडनचे टेलिव्हिजन सेंटर, एडिंबराचा अशर हॉल, ब्रायटनचा डोम. पाचव्या वेळी हेगमधले तेच सभागृह, जिथे १९७६ ची स्पर्धा झाली होती. म्हणजे पाचही वेळा जागा आयती होती. मला हा या याद्यांतला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

या स्पर्धेच्या इतिहासात दंतकथा कागदपत्रांची जागा पटकन घेतात. १९६४ च्या कोपनहेगनच्या स्पर्धेचे संपूर्ण चित्रमुद्रण उपलब्ध नाही. ते आगीत जळाले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. डॅनिश प्रसारणसंस्थेचा नंतरचा खुलासा निराळा : मुद्रणयंत्र मोकळे नसल्याने चित्रमुद्रण झालेच नव्हते. खुलासा खरा धरला, तर टिव्होलीच्या सभागृहातून साऱ्या युरोपला कार्यक्रम दाखवणाऱ्या यजमानाकडे तो जपून ठेवण्यापुरते एक यंत्र नव्हते. काटकसर म्हणा किंवा ओढाताण.

तोच सावधपणा आयर्लंडबाबत हवा. आयर्लंड १९९२, १९९३ आणि १९९४ असे सलग तीनदा जिंकला. १९९३ ची स्पर्धा झाली मिलस्ट्रीटला; वस्ती दीड हजारांच्या आसपास, सभागृह म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धांची बंदिस्त रिंगणशाळा. मालकाने आदल्या वर्षी आयर्लंड जिंकल्याच्या रात्रीच आरटीई या आयरिश प्रसारणसंस्थेला पत्र लिहून जागा फुकट देऊ केली होती. पुढे वावडी उठली की खर्चाला कंटाळून आरटीई मुद्दाम हरणारे गाणे पाठवते. ‘फादर टेड’ या विनोदी मालिकेने १९९६ मध्ये हीच कल्पना एका भागात रंगवली, आणि वावडीला पाय फुटले. गुणपत्रिका मात्र वेगळे सांगते : १९९४ मध्ये आयर्लंडला २२६ गुण, दुसऱ्या आलेल्या पोलंडला १६६. हरण्याचा बेत असलाच, तर फारच गचाळ होता. १९९५ चा चौदावा क्रमांक त्या वावडीच्या बाजूने मांडला जातो. पण नुसत्या क्रमांकावरून हेतू सिद्ध होत नाही.

तंगीचा बिनतोड कागद रोमानियाचा. २०१६ मध्ये युरोपीय प्रसारण संघाने त्या देशाला स्पर्धेतून वगळले. तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीकडे १ कोटी ६० लाख स्विस फ्रँक थकले होते. पण ही संघाची साचलेली थकबाकी होती. ती एका गाण्याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

यजमानपदाच्या खर्चाचा आकडा शोधताना बीबीसीपाशी मात्र वाट अडते. ब्रिटनच्या २००० च्या माहिती अधिकार कायद्यातून पत्रकारिता, कला आणि साहित्य यांसाठी बाळगलेली बीबीसीची माहिती वगळलेली आहे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सवलतीचा अर्थ प्रशस्तच लावला. २०२३ साठी सरकारचे १ कोटी पौंड आणि लिव्हरपूलच्या स्थानिक संस्थांचे ४० लाख जाहीर आहेत. बीबीसीच्या वाट्याबद्दल वृत्तपत्रांचे अंदाज ८० लाखांपासून १ कोटी ७० लाखांपर्यंत पसरलेले. स्पर्धेनंतर लिव्हरपूलच्या अहवालाने परिसराच्या अर्थव्यवस्थेला ५ कोटी ४८ लाख पौंडांचा लाभ नोंदवला. यजमानानेच करवून घेतलेला अहवाल जपूनच वाचावा. पण तो जसाच्या तसा मान्य केला, तरी हा पैसा हॉटेले, खानावळी आणि टॅक्सीवाल्यांकडे गेला. बीबीसीला परवाना शुल्क भरणाऱ्या घरांकडे नाही.

म्हणून माझे मत असे : स्पर्धेत भाग घेण्याचा खर्च प्रसारणसंस्थेने जरूर करावा, यजमानपदाचा मोठा वाटा लाभ घेणाऱ्या शहराने उचलावा, आणि बीबीसीने आपला २०२३ चा आकडा छापावा.