आरशापुढची नवरी: लग्नाच्या सकाळच्या निवांत छायाचित्रांची कुळकथा

नंदुरबार जिल्ह्यातील लग्नाच्या अल्बमाची सुरुवात आज मंगलाष्टकांनी होत नाही. पहिली काही पाने तयारीला दिलेली असतात: खिडकीजवळ बसलेली नवरी, तिच्या नाकात नथ अडकवणारी करवली, पलंगावर पसरून ठेवलेला शालू, त्यावर मांडलेल्या मुंडावळ्या आणि बांगड्या, दाराच्या चौकटीत क्षणभर थबकलेली आई. छायाचित्रकार या भागाला ‘गेटिंग रेडी’ म्हणतात आणि तो दरपत्रकात वेगळा धरतात. पाहणाऱ्याला ही चित्रे सहज टिपल्यासारखी वाटतात. तो सहजपणा मात्र पूर्वतयारीने घडवलेला असतो, आणि ज्या वस्तू, जागा व रीती त्यासाठी एकत्र याव्या लागल्या त्यांची वंशावळ एकाच घराण्यातली नाही.

शृंगार करणाऱ्या स्त्रीचे चित्र हा विषय खानदेशाच्या परिसराला मुळीच नवा नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, म्हणजे पाचव्या शतकातील वाकाटककालीन चित्रांत, हातातल्या आरशात पाहणारी आणि सेविकांनी वेढलेली स्त्री आहे. तिचे लक्ष प्रेक्षकाकडे नसून स्वतःच्या प्रतिबिंबाकडे आहे, आणि आजचा छायाचित्रकार नवरीकडून नेमकी हीच नजर मागतो. या लेण्यांच्या प्रती रंगवण्यासाठी १८४४ पासून अजिंठ्यास राहिलेला रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला, त्याने लेण्यांची आणि परिसराची छायाचित्रे काढली, आणि १८७९ मध्ये तो भुसावळला मरण पावला. खानदेशाच्या छायाचित्रणाचा इतिहास त्याच्यापासून सुरू करता येतो. परंतु अजिंठ्याच्या आरशापासून आजच्या अल्बमापर्यंत सरळ रेघ ओढणे हा भाबडेपणा ठरेल, कारण मधल्या काळात तयारी करणारी नवरी चित्रविषय होऊच शकत नव्हती. तिला तशी मोकळीक देणारी रीत नव्हती.

ही अडचण हळदीत होती. खानदेशात लग्नाची तयारी ही एका व्यक्तीची प्रसाधनक्रिया नसून घरातील व भावकीतील बायकांनी मिळून करावयाचा विधी असतो; सवाष्णी गाणी म्हणत हळद लावतात, सुगंधी द्रव्यांची पूड कालवून केलेले चिकसा नावाचे उटणे अंगाला चोळले जाते, नवरदेवाच्या अंगाची उष्टी हळद नवरीकडे पोचते. एकदा हळद लागली की नवरदेवाने व नवरीने गावाची वेस ओलांडू नये, एकटे फिरू नये, असा दंडक असतो. नवरदेवाच्या हाती लिंबू खोवलेली कट्यार देतात ती बाहेरची बाधा होईल या भीतीपोटी, आणि गालावर काजळाचे बोट उमटते तेही दृष्ट लागू नये म्हणूनच. ज्या अवस्थेत माणसाला परक्या नजरेपासून जपायचे, त्या अवस्थेत परक्या माणसाला यंत्र घेऊन आत सोडणे जुन्या पिढीला रुचणे शक्य नव्हते. आजही लग्नापूर्वीचे जोडीचे चित्रीकरण, ज्यासाठी तोरणमाळचा यशवंत तलाव किंवा प्रकाशे येथील तापीचा काठ निवडला जातो, ते हळद लागण्याआधी उरकून घेतात. नव्या हौसेने जुना दंडक न मोडता त्याच्या अलीकडची जागा शोधली आहे.

या सगळ्या गजबजलेल्या विधींत नवरीला शांत बसवणारा एकच विधी आहे, तो म्हणजे गौरीहर. मराठी विवाहात बोहल्यावर जाण्यापूर्वी वधू मामाकडून आलेले पिवळे वस्त्र नेसून पाटावर बसते आणि गौरीपुढे थोडेथोडे तांदूळ वाहत राहते. बाहेर वाजंत्री, पंगतीची धावपळ, वरपक्षाचे स्वागत चाललेले असताना तिच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसते, आणि मामा येऊन हाताला धरून उठवीपर्यंत तिने तिथून हलायचे नसते. निवांत छायाचित्राला लागणारे सर्व काही येथे हजर आहे: खाली झुकलेली नजर, गुंतलेले हात, एका जागी असलेला देह, आणि आसपास मोजकीच माणसे. तरीही जुन्या अल्बमात गौरीहराचे एखादेच चित्र आढळते आणि तेही मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहतानाचे. विधी तयार होता. त्याच्याकडे चित्र म्हणून पाहणारा डोळा यायचा होता.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि नारायण दाजींसारखे हिंदी छायाचित्रकार तिच्या आरंभीच्या काळातच नावारूपाला आले. मुंबईतील या हौसेला खानदेशच्या कसब्यांपर्यंत पोचण्यास मात्र बराच अवधी लागला. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नंदुरबारवरून गेली, तेव्हापासून या भागाचा व्यापार आणि लग्नाचा बस्ता, म्हणजे लग्नासाठी एकदम करावयाची कापडखरेदी, सुरतेशी बांधला गेला. छायाचित्रासाठी प्रथम लग्नघर स्टुडिओकडे जात असे, स्टुडिओ लग्नघरी येत नसे. लग्नानंतर सवडीने नवी जोडी रंगवलेल्या पडद्यापुढे येई. नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी, दोघांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. या ‘जोडफोटो’त लग्नाचा दिवस नसतो, लग्न झाल्याचा दाखला असतो.

छायाचित्रकार मांडवात आला तो रोल फिल्मच्या जोरावर, आणि काय टिपायचे हे त्या फिल्मनेच ठरवले. यशिकासारख्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या एका रोलवर चौरस आकाराच्या अवघ्या १२ चौकटी मिळत. दोन रोल म्हणजे २४ चित्रे. त्यांत अंतरपाट, माळ घालणे, कन्यादान, सप्तपदी, दोन्हीकडचे वडीलधारे आणि आहेर देणारे प्रतिष्ठित पाहुणे एवढे बसवायचे. केस विंचरणाऱ्या नवरीवर एक चौकट खर्च करणे म्हणजे एखाद्या मानकऱ्याला वगळणे होते आणि मानकऱ्याचा रुसवा कोणत्याही घराला परवडत नसे. काळ्या जाड पानांवर चार कोपऱ्यांत अडकवलेली आणि बटरपेपरखाली झाकलेली ती चित्रे आज चाळताना लग्न थेट मांडवात सुरू झाल्यासारखे भासते. सकाळ त्यांत नसतेच. पुढे ३६ चौकटींचा ३५ मिलिमीटरचा रोल आणि रंगीत लॅब आल्या, तरी वाढलेल्या चौकटी बहुतांशी पाहुण्यांच्याच वाट्याला गेल्या.

तयारीच्या खोलीत कॅमेरा शिरला तो १९८० च्या दशकातील व्हिडिओबरोबर, आणि या कुळकथेतील सर्वांत उपेक्षित पूर्वज म्हणून व्हिडिओचेच नाव घ्यावे लागेल. तीन तासांची कॅसेट भरायची असे. चौकटींची टंचाई एका फटक्यात संपून उलट लांबीची सुबत्ता झाली, आणि मंगलाष्टके व जेवणावळ मिळूनही फीत उरत असल्याने तिचा आरंभ कशाने तरी करणे भाग पडले. मग पत्रिकेवरून सरकणारा कॅमेरा, मेंदीचे हात, आरशात दिसणारा नवरीचा चेहरा, एकामागून एक चढणाऱ्या बांगड्या आणि पार्श्वभूमीला चित्रपटातले गाणे, हा क्रम रूढ झाला. हातात धरलेल्या सन गन नावाच्या प्रखर दिव्यापुढे नवरीला घाम फुटे, तिला बांगड्या पुन्हा काढून पुन्हा घालायला लावीत, आणि निवांतपणाचा तेथे लवलेशही नसे. सुशिक्षित अभिरुची त्या कॅसेटमधल्या, चंद्राच्या आकारात बसवलेल्या चेहऱ्यांना आज हसते. परंतु आरसा, पत्रिका, बांगड्या आणि आई ही आजच्या ‘गेटिंग रेडी’ची मांडणी जवळजवळ जशीच्या तशी त्या कॅसेटमधून आली आहे, विदेशी अल्बमांतून नव्हे.

विदेशातून आली ती वृत्ती. बर्लिनचा वकिलीचे शिक्षण घेतलेला छायाचित्रकार एरिख सालोमन याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस एर्मानॉक्स या लहान पण मोठ्या छिद्राच्या भिंगाच्या कॅमेऱ्याने न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत माणसे बेसावध असताना टिपली, आणि अशा चित्रांना पुढे ‘कॅन्डिड’ हे विशेषण लागले. वृत्तपत्रातील ही पद्धत लग्नात आणण्याचे श्रेय अमेरिकेत डेनिस रेगी यास बहुधा दिले जाते. १९९६ मध्ये जॉन केनेडी धाकटे यांच्या विवाहात चर्चमधून बाहेर पडताना वधूच्या हाताचे चुंबन घेणाऱ्या वराचे त्याने काढलेले चित्र जगभर पोचले. महाराष्ट्रात ही वृत्ती मोठ्या शहरांतून उतरत आली, परंतु तालुक्याच्या गावी ती रुजण्यासाठी यंत्र बदलावे लागले. २००७ च्या निकॉन डी३ सारख्या कॅमेऱ्यांत प्रकाशसंवेदनक्षमता ६४०० पर्यंत नेता येऊ लागली, तर जुन्या रंगीत फिल्मची नेहमीची मजल १०० ते ४०० इतकीच असे; ही क्षमता काही वर्षांत स्वस्त कॅमेऱ्यांतही उतरली आणि फ्लॅश न उडवता, नुसत्या खिडकीच्या उजेडात खोलीतले चित्र निघू लागले. फ्लॅश उडाला नाही की खोलीतल्या बायका कॅमेरा विसरतात. निवांत चित्राचे अर्धे रहस्य एवढेच आहे.

उरलेले अर्धे जागेत आणि वेळेत आहे. जुन्या घरात नवरीची तयारी धान्याच्या कोठीशेजारी, ट्रंका आणि पाहुण्यांची गाठोडी यांच्या गर्दीत होई. नंदुरबार, शहादा, तळोदा या गावांभोवती मंगल कार्यालये आणि लॉन्स उभी राहिली तेव्हा वधूपक्षाची स्वतंत्र खोली हा सोयीचा भाग झाला, आणि पार्लरच्या ताई नवरीच्या घरी येऊ लागल्या किंवा नवरीला पहाटे पार्लरमध्ये नेऊ लागल्या, तेव्हा तयारीला ठरलेली वेळ मिळाली. गोरज मुहूर्ताच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास लागणाऱ्या लग्नात ही ‘सकाळ’ दुपारी तीनला उजाडते, ही गोष्ट वेगळी.

अनुभवी छायाचित्रकाराची पूर्वतयारी मुख्यतः काढून टाकण्याची असते. खोलीतल्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि चार्जरच्या वायरी पलंगाखाली जातात. नवरीला खिडकीला काटकोनात बसवतात, ज्यामुळे चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला मऊ सावली पडते. ट्यूबलाइट मालवतात, कारण तिचा रंग आणि दिवसाच्या उजेडाचा रंग त्वचेवर एकत्र पडले की चेहऱ्यावर दोन छटा दिसतात. येथे हळद पुन्हा आडवी येते. आदल्या रात्रीची हळद मानेवर, कानामागे, हातांच्या रेषांत शिल्लक असते. कॅमेऱ्याच्या आपोआप रंग जुळवणाऱ्या यंत्रणेस हा पिवळेपणा उजेडाचा दोष वाटू शकतो, ती तो काढू पाहते आणि नवरी निस्तेज, निळसर दिसू लागते, म्हणून जाणते छायाचित्रकार रंगाचे प्रमाण हाताने ठरवून ठेवतात. केशरचना झाल्यावर कपडे डोक्यावरून काढावे लागू नयेत म्हणून नवरीने पुढून बटणे असलेला सदरा किंवा गाऊन घालावा, हे तिला आधीच कळवलेले असते. पार्लरला दिलेली वेळही खऱ्या गरजेपेक्षा अर्ध्या तासाने अलीकडची असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे गेलेला असताना आणि वीज केव्हाही जाण्याची धास्ती असताना या अर्ध्या तासातच जे मिळायचे ते मिळते.

सातपुड्याच्या पाड्यांवर, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, ही वंशावळ लागू पडत नाही. भिल्ल आणि पावरा घरांत नवरीला सजवण्याचे काम पुष्कळदा अंगणात, सर्वांदेखत होते. गळ्यातील हासळी, दंडातील वाक्या आणि पायातील कडी ही जड चांदी नात्यातल्या बायका तिच्या अंगावर चढवतात आणि आजूबाजूला मुले, शेळ्या, ढोलवाले असतात. बंद खोली, खिडकी आणि राखून ठेवलेला अर्धा तास यांवाचून येथे जी चित्रे निघतात, ती बहुधा नात्यातल्याच पोरांनी मोबाइलवर काढलेली असतात आणि त्यांत नवरीची नजर कधी चांदीवर, कधी गाणाऱ्या बायकांवर असते. कार्यालयातल्या खोलीत जे मांडावे लागते ते येथे आयते असते, तरी या घरांतले तरुण जोडपे जेव्हा शहाद्याच्या छायाचित्रकाराला बोलावते, तेव्हा तो प्रथम अंगणातली गर्दी मागे हटवतो.

नवरदेव या प्रकारात उशिरा आणि अपुरा आला आहे. त्याची तयारी जानवशावर, म्हणजे वरपक्षाच्या उतारघरी होते. हे उतारघर गावातली शाळा किंवा एखाद्या नातलगाचे घर असते, फेटा बांधणारा एकच आणि बांधून घेणारे अनेक असतात, आणि फेटा बसताच त्याला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला न्यावयाचे असते. कार्यालय आणि जानवसा यांतील अंतरामुळे दोन्हीकडची तयारी टिपायची तर दोन छायाचित्रकार लागतात, दुसऱ्याचा खर्च कोणत्या पक्षाने करावा हे बैठकीत ठरलेले नसते, आणि म्हणून पुष्कळ अल्बमांत नवरीच्या तयारीची आठ पाने झाल्यावर नवरदेव एकदम घोड्यावरच दिसतो.