पेन्सिल, शाई आणि अर्धवट फेरफार

आजचा धागा संगणकाच्या इतिहासाचा आहे. पण त्याचा आरंभ अकोला तालुक्यातील एका शेतापासून करू.

शेत विकले गेले की कागदावर एक नव्हे, अनेक कामे व्हावी लागतात. गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद, सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या नावाला कंस, घेणाऱ्याचे नाव, आठ-अच्या खात्यात बदल. समजा, कंस पडला आणि पुढचे नाव चढलेच नाही. मग ते शेत कागदोपत्री कोणाचेच नाही आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्ज दोघांनाही नाही.

वऱ्हाडात १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आली. तिच्या कलम १५० प्रमाणे तलाठी (आमच्याकडे आजही पटवारीच म्हणतात) फेरफार लिहितो, नोटीस चावडीवर लावतो, संबंधितांना कळवतो. आक्षेप नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात प्रमाणित होईपर्यंत फेरफाराचा क्रमांक पेन्सिलने लिहीत आणि मंजुरीनंतर शाईने. नोंद नामंजूर झाली, तर पेन्सिल खोडता येई.

संगणकशास्त्राला ही पेन्सिल स्वतःच्या वाटेने शोधावी लागली. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात ‘व्यवहार’ ही संकल्पना विशद केली : अनेक आज्ञांचा एक गट, जो संपूर्ण घडतो किंवा मुळीच घडत नाही. शाई म्हणजे ‘कमिट’, खोडरबर म्हणजे ‘रोलबॅक’.

यातली एक गंमत फारशी सांगितली जात नाही. संकेतस्थळांसाठी लोकप्रिय झालेल्या मायएसक्यूएलमध्ये २०१० पर्यंत, म्हणजे ५.५ ही आवृत्ती येईपर्यंत, मायआयसॅम हा साठवणीचा प्रकारच बहुतेक ठिकाणी मूळ निवड असे. त्याला व्यवहार ठाऊक नव्हता. ‘व्यवहार सुरू कर’ ही आज्ञा तो तक्रार न करता स्वीकारी आणि प्रत्येक ओळ लगेच कायम करून टाकी. लिहिणाऱ्याला वाटे हाती पेन्सिल आहे, होती शाई.

दुसरा धोका याहून वाईट. वेबपानावरील अर्जात कोणी नाव भरतो आणि स्क्रिप्ट ते नाव सरळ आज्ञेच्या वाक्यात चिकटवते. वसईचे डि’सोझा रोमन लिपीत आपले नाव भरतात, तर त्यातील चिन्हानेच वाक्य मोडते. ज्याला हे कळले आहे, तो नावाच्या जागी चिन्ह, अर्धविराम आणि पुढे तक्ता नष्ट करण्याची दुसरी आज्ञाच लिहितो. १९९८ च्या डिसेंबरात जेफ फॉरिस्टल यांनी ‘फ्रॅक’ या नियतकालिकात हा प्रकार जाहीर केला. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एका वेळी आलेल्या अनेक आज्ञा निमूटपणे चालवीत असे.

पीएचपीच्या जुन्या मायएसक्यूएल फंक्शनला एका हाकेत एकच आज्ञा पाठवता येई. ती मर्यादा त्रासाची वाटे, पण तिने अनेकांना नकळत वाचवले. २००४ मध्ये पीएचपी ५ सोबत मायएसक्यूएलआय आले आणि अनेक आज्ञा एकदम पाठवणारे ‘मल्टी-क्वेरी’ हाती पडले. माझ्या मते ते पाहुण्याने भरलेल्या मजकुराजवळ फिरकूही देऊ नये. त्याच संचात ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ची सोय होती : आज्ञेचा साचा आधी पाठवायचा, नावे नंतर रिकाम्या जागांत भरायची. छापील अर्जाच्या चौकटीत कोणी काहीही लिहिले, तरी अर्जाचा मजकूर बदलत नाही, तसेच हे. असा साचा एकाच आज्ञेचा असतो. अनेक हव्या असतील तर प्रत्येकीचा साचा वेगळा आणि सगळ्यांभोवती एक व्यवहार. तक्ते मात्र इनोडीबीचे हवेत.

महाराष्ट्रात आता सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी असते आणि फेरफार ई-फेरफार प्रणालीत नोंदवला जातो. पेन्सिल गेली. नोटीस, आक्षेपाची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी मात्र अजून तशीच आहे.