काजळ, डिंक आणि घोटीव कागद : बारामतीच्या पोथीपासून इंदापूरच्या मोजणीपर्यंत

१/ बारामती म्हटले की आज ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवते. अठराव्या शतकात मात्र कऱ्हाकाठचे हे गाव एका कवीमुळे मराठी मुलखात ओळखले जात होते. तो कवी म्हणजे 'आर्याभारत' आणि 'केकावली'चे कर्ते मोरोपंत (१७२९–१७९४). त्यांच्या काव्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे : त्या काळी काव्य लिहिले जाई ते कशाने, कशावर, आणि ते लेखन टिकले कसे?

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्याचा. तरुणपणी ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले. बाबूजी नाईक हे त्या काळातील बडे सावकार. त्यांचे बंधू आबाजी हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे, तर स्वतः बाबूजी हे १७४० मध्ये पेशवेपदासाठी नानासाहेबांचे प्रतिस्पर्धी. अशा श्रीमंत घराण्याच्या आश्रयाला पुराण सांगणे आणि काव्यरचना हे पंतांचे जीवनकार्य झाले. त्यांनी रामकथा शतावधी प्रकारांनी रचली.

३/ त्यांतील 'निरोष्ठ रामायण' ध्यानात ठेवा. उच्चारताना ओठांना ओठ लागतात अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य आहेत. आता नकलकाराची अवस्था कल्पून पाहा. छापखाना नाही, प्रत वाढवायची ती हाताने. एका ठिकाणी चुकून 'म' पडला, तर कवीचा सगळा खटाटोप वाया गेला! तेव्हा चूक दुरुस्त कशी करायची, हा प्रश्न जितका विद्वत्तेचा तितकाच साहित्याचा होता. साहित्य म्हणजे इथे कागद, शाई आणि लेखणी.

४/ कागदापासून सुरुवात करू. पुणे प्रांतात जुन्नरचा हातकागद नावाजलेला होता. पुण्याच्या कसबा पेठेतील 'कागदीपुरा' हे नावच या धंद्याची साक्ष देते. दौलताबादजवळचा कागजीपुरा हे तिसरे मोठे केंद्र. हा व्यवसाय प्रामुख्याने मुसलमान कागदी समाजाच्या हाती होता. म्हणजे रामकथा ज्या कागदावर उतरे, तो कागदी कारागिरांच्या हातून येई. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कारागिरांची नावे कोठेही नाहीत.

५/ कृती अशी. जुनी फडकी, चिंध्या, तागाचे तुकडे, जुने दोर चुन्याच्या पाण्यात भिजवायचे. मग पायाने चालणाऱ्या लाकडी ढेंगीखाली कुटून त्यांचा लगदा करायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. पाण्याने भरलेल्या हौदात हा लगदा कालवून त्यातून गवताच्या काड्यांची बारीक चाळणी उचलायची. तिच्यावर जो पातळ थर बसतो, तोच कागद. ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवत.

६/ पण एवढ्यावर तो लिहिण्याजोगा होत नाही. कच्च्या कागदावर शाई टिपकागदासारखी पसरते. म्हणून त्यावर पिठाची खळ चढवायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घासून चकाकी आणायची. यालाच कागद 'घोटणे' म्हणत. घोटीव कागदावर बोरू न अडखळता सरकतो आणि शाई तंतूंत न मुरता पृष्ठभागावर बसते. पुढची सगळी युक्ती याच एका गोष्टीवर उभी आहे.

७/ आता शाई. जुन्या पोथ्यांतील गडद काळी शाई मुख्यतः काजळाची. तेलाच्या दिव्यावर भांडे उपडे धरून जमलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायचे. बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात बाभळीला तोटा नव्हता. काजळ पाण्याला जुमानत नाही, ते वर तरंगते. तासन् तास खलल्यावरच डिंक प्रत्येक कणाभोवती बसतो आणि शाई एकजीव होते. पश्चिम भारतातील जैन पोथीलेखकांच्या परंपरेत काजळाइतकाच बोळ आणि त्यांच्या दुप्पट डिंक असे प्रमाण सांगितलेले आढळते.

८/ दुसरी शाई हिराकस आणि हिरड्याची. हिरड्यातील तुरट द्रव्य लोहाच्या क्षाराशी मिळाले की काळा रंग तयार होतो. ही शाई झटपट बनते, खलण्याचे श्रम वाचतात, शिवाय कागदात मुरल्याने ती पुसली जात नाही. सोय मोठी, पण तिची किंमत नातवंडांनी मोजायची! ही शाई आम्लधर्मी असते आणि तिच्यातील लोह कागदाचे तंतू हळूहळू जाळते. काही जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके दिसतात, ती कसरीची करणी नसते. ते शाईचे काम असते.

९/ काजळ मात्र शुद्ध कार्बन. उन्हाने विटत नाही, हवेने बदलत नाही, कागदाला इजा करत नाही. त्याचे वैर एकट्या पाण्याशी, कारण डिंक पाण्यात सुटतो. पण हाच दोष लेखकाच्या उपयोगी पडे. घोटीव कागदावरचे ताजे अक्षर ओल्या फडक्याने टिपून काढता येई. आणि पुष्कळ मजकूर चुकला तर?

१०/ तर त्यावर हरताळ फासत. हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे, सोमल जातीचे एक विषारी खनिज. पोथीचा कागद अनेकदा हरताळानेच पिवळा रंगवलेला असे. रंगही येई आणि कसरही दूर राही. चुकलेल्या अक्षरावर तोच पिवळा लेप दिला की अक्षर झाकले जाई आणि वाळल्यावर त्यावर नव्याने लिहिता येई. 'केलेल्या कामावर हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्याचा उगम पोथीलेखकाच्या या पिवळ्या वाटीत आहे. बाजार बंद ठेवण्याचा 'हरताळ' हा शब्द निराळा.

११/ लेखणी म्हणजे बोरू. नदीओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या पोकळ वेताचे हे कांडे. टोक तिरपे छाटून मधोमध चीर द्यायची. चिरेतून शाई उतरते आणि तिरप्या छाटीमुळे रेघ कोठे जाड, कोठे बारीक होते. ओळी सरळ याव्यात म्हणून पुठ्ठ्यावर समांतर दोरे ताणून बसवत आणि कागद त्यावर दाबत. शाईविना उमटलेल्या या रेषा तिरप्या उजेडात अजूनही दिसतात. दंड, श्लोकांचे आकडे, समाप्तीचा मजकूर यांसाठी लाल रंग लागे, तो हिंगुळाचा किंवा गेरूचा. कागद महाग असल्याने शिकाऊ हात मात्र धूळपाटीवरच वळत. 'धुळाक्षरे' हा शब्द तिथूनच आला.

१२/ काव्य बाळबोध लिपीत लिहिले जाई. व्यवहाराची लिपी मोडी. मोडी लिहिणारा कारकून आधी संपूर्ण आडवी रेघ ओढतो, मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरे गुंफत जातो. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे होते. त्यांपैकी सुपे आजच्या बारामती तालुक्यात आहे. या मुलखाची वतने, महसूल, तंटे हे सगळे याच बोरूने लिहिले गेले. ओली अक्षरे सुकावीत म्हणून त्यांवर बारीक वाळू टाकत. कागद रुमालात बांधून ठेवत, म्हणून दप्तराच्या गठ्ठ्यालाच 'रुमाल' हे नाव पडले.

१३/ मोरोपंत गेले त्यानंतर चोवीस वर्षांनी पेशवाई संपली. कंपनी सरकारने जमीनमहसुलाची नवी व्यवस्था आरंभली. प्रिंगलची पहिली मोजणी फसली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीसाठी तालुका निवडला तो इंदापूर! मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीची पद्धत इथे घडली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब-रुंद जमीन म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचा हिशेब आजही सातबाऱ्यावर चालतो.

१४/ नव्या राज्याची कागदाची भूक प्रचंड होती. हौदातून एकेक ताव उचलणारा कारागीर विलायती गिरणीपुढे किती टिकणार? १८५४ मध्ये परशुरामपंत गोडबोले यांच्या 'नवनीत'मधून मोरोपंत छापील पुस्तकात शाळकरी मुलांच्या हाती आले. छापील प्रत स्वस्त होती, विपुल होती. ज्ञान घरोघर गेले ते छपाईमुळेच, हे मान्य केले पाहिजे. परंतु ढेंगीचा आवाज हळूहळू मंदावत गेला.

१५/ आणि इथे एक विपरीत गोष्ट घडली. १८०७ मध्ये जर्मनीत इलिग याने कागदाला तुरटी आणि राळेची खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली. १८४० नंतर लाकडाचा लगदा वापरात येऊ लागला. दोहोंमुळे कागद स्वस्त झाला आणि आम्लधर्मीही. चिंध्यांचा, चुन्यात मुरलेला हातकागद शतकानुशतके लवचीक राहतो. गिरणीचा आम्ल कागद पन्नास-शंभर वर्षांत पिवळा पडून बोटांखाली मोडतो. म्हणून आजोबांच्या काळचे पुस्तक उघडताना कडा तुटतात आणि पेशवाईतला कागद मात्र न तडकता उलगडतो.

१६/ हातकागदाला पुन्हा बळ देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागद हा त्याच्या कार्यक्रमाचा भाग बनला. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये हातकागदाचे केंद्र उभारले. पोथीलेखनाची परंपरा त्यामुळे परत आली नाही, पण कृती मात्र जिवंत राहिली.

१७/ आता आपल्या हाती काय आहे? बारामती, इंदापूर किंवा कोठल्याही गावच्या जुन्या घरात माळ्यावर एखादे बासन असू शकते. लाल फडके, दोन फळ्या, मध्ये सुटी पाने. 'वाचता येत नाही' म्हणून अशा पोथ्या नदीत सोडल्या जातात, नाही तर रद्दीत जातात. काजळाच्या शाईचे पाण्याशी काय नाते आहे, हे आपण वर पाहिलेच. जे अक्षर अडीचशे वर्षे उन्हाला आणि काळाला पुरून उरले, ते नदीत थोड्या वेळात विरघळते.

१८/ म्हणून एवढे पाळावे. पाने ओल्या कापडाने पुसू नयेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. उन्हात वाळवू नयेत, सावलीत हवा द्यावी. पिवळ्या लेपाचे पान हाताळल्यावर हात धुवावेत, कारण हरताळ हे विष आहे. छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकारांना दाखवावीत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, भांडारकर संस्था आहे, पुराभिलेखागार आहे.

१९/ जुने पान दिसले तर आधी ते उजेडासमोर धरा. चाळणीच्या काड्यांचे अस्पष्ट ठसे दिसले तर कागद हाताचा. अक्षराभोवती तपकिरी डाग असेल तर शाई बहुधा हिराकसाची. काळे अक्षर नितळ असेल तर काजळाची. मधेच पिवळा ठिपका असेल तर तिथे नकलकाराने चूक झाकली आहे. मजकूर वाचता येण्याआधीच पान इतके बोलू लागते.

२०/ पंतांच्या आर्येचे श्रेय पंतांचेच. पण ती आपल्यापर्यंत पोहोचली त्यात ढेंगीवर उभा राहणारा कागदी, काजळ खलणारा हात आणि चुकलेल्या 'म'वर हरताळ फासून पुन्हा बोरू उचलणारा नकलकार यांचाही वाटा आहे. आपल्या घरी किंवा गावात अशी पोथी असेल तर या धाग्याखाली जरूर कळवा. पान कसे ओळखायचे ते मिळून पाहू.

(धागा समाप्त)