भंगारात घालण्याआधी सायकलला विचारा



मी कोनची. आमच्या पडवीत सासऱ्यांची काळी सायकल बरीच वर्षं नुसती उभी होती. एक दिवस भंगारवाला आला, त्याने काटा काढला. मी हो म्हणणार, तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "थांब गं! याच सायकलवरून ते भिवंडीला लूमच्या पाळीला जायचे. तुझा नवरा तापाने फणफणला, तेव्हा याच दांडीवर बसवून कल्याणला नेला त्याला."

भंगारवाला परत गेला. मी जुनं फडकं तेलात बुडवून सायकल पुसायला घेतली. हँडलखालच्या उभ्या नळीवर पत्र्याचा बिल्ला निघाला. त्यावर नाव होतं, हिंद.

ही हिंद सायकल आपल्या मुंबईचीच. वरळीला तिचा कारखाना १९३९ साली सुरू झाला. त्याआधी आपल्याकडे बहुतेक सायकली विलायतेहून बोटीने यायच्या. रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलिस आणि बी.एस.ए. बर्मिंगहॅमच्या. बी.एस.ए. मूळची बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या खुणेत तीन बंदुका. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळा. स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने वाढले. मद्रासजवळ १९४९ साली टी.आय., सोनिपतला १९५१ साली ॲटलस, लुधियान्याला १९५६ साली हिरो. हिंदचे दिवस मात्र फिरले. १९८० साली कायदा करून सरकारने तो कारखाना ताब्यात घेतला. पुढे तोही बंद पडला.

तुमच्या घरची सायकल कुणी बनवली, हे तुम्हालाही शोधता येईल. आधी बिल्ला बघा. मग पायडलजवळचं दातेरी चक्र बघा, त्यात कधी कंपनीची अक्षरं किंवा खूण कापलेली असते. सीटखाली किंवा पायडलच्या नळीखाली नंबर ठोकलेला असतो. पूर्वी बऱ्याच नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. तो सापडला तर त्यावर साल मिळेल. पण पॉलिश पेपरने घासू नका. गंजाबरोबर अक्षरंही जातील.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बिल्ल्यावर नसते. मी सासूबाईंना विचारलं, "आई, तेव्हा सायकलला पैसे कुठून आणले?" त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी चांदीची साखळी मोडली."

साखळी त्यांची, पण सायकलवर त्या कधी बसल्या नाहीत. बाईने सायकल चालवली तर लोक काय म्हणतील, हा धाक. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो बायका शिकल्या. पाण्याला, बाजाराला, कामाला स्वतःच्या स्वतः जाऊ लागल्या. लोक बोलले, आणि मग बोलायचे थांबले.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला गटाच्या वहीत एक पान सोडा. घरात जुनी सायकल असेल तर तिचं नाव, नंबर, साल लिहा. आणि खाली लिहा, ती कुणाच्या पैशाने आली. हे सांगणाऱ्या सासवा, आया अजून आपल्यात आहेत, तोवर विचारून घ्या.

आमची सायकल आता दुरुस्त झाली आहे. माझी मुलगी तिच्यावरून शाळेत जाते. सासूबाई दारात उभ्या राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघतात.