भेगेचे टोक आणि अनंताचा हिशेब

1913 साली इंग्लिस यांनी ब्रिटनमधील नौकारचनाकारांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला. ताणलेल्या पत्र्याला लंबवर्तुळाकार छिद्र असेल तर त्याच्या टोकाशी प्रतिबल किती पटींनी वाढते, हा त्याचा विषय. वर्तुळाकार छिद्राशी ते तिप्पट होते. छिद्र ताणाच्या दिशेने चपटे करीत जावे तसतसे वाढते. आणि छिद्राची शेवटी भेग झाली की गणित ‘अनंत’ असे उत्तर देते. हे उत्तर अक्षरशः खरे असते, तर ओरखडा पडलेला प्रत्येक पत्रा हलक्याशा ओढीने दुभंगला असता. ग्रिफिथ यांनी 1921 साली काचेवरील आपल्या प्रबंधात प्रतिबलाचा नाद सोडून ऊर्जेचा हिशेब मांडला, तो याच कारणाने.

गणितात सूत्र जेथे अनंतात जाते त्या स्थानाला इंग्रजीत ‘सिंग्युलॅरिटी’ म्हणतात. भाषाभ्यासकाला या शब्दाची गंमत वाटते, कारण त्याच भाषेच्या व्याकरणात ‘सिंग्युलर’ म्हणजे निव्वळ एकवचन! प्रस्तुत लेखात ‘विलक्षण स्थान’ असा शब्द योजिला आहे.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नव्हता. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना, मोठा आवाज होऊन दुभंगले. युद्धकाळातील इतरही कित्येक सांधजोड जहाजांना अशाच भेगा गेल्या. पुढे 1957 साली विल्यम्स यांनी दाखविले की, भेगेच्या टोकाजवळ प्रतिबल अंतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर चतुर्थांश झाले की प्रतिबल दुप्पट. त्याच वर्षी अर्विन यांनी या नियमाच्या गुणकालाच महत्त्व दिले. टोकाशी प्रतिबल किती, हा प्रश्न निरर्थक. ते किती जोमाने अनंताकडे धावते, हे मात्र मोजता येते. त्या गुणकास प्रतिबल-तीव्रता गुणक म्हणतात.

परंतु प्रत्यक्ष यंत्रभागाचा आकार वेडावाकडा असतो व तेथे तयार सूत्र मिळत नाही. 1956 नंतर पुढे आलेल्या, आणि क्लफ यांनी 1960 साली नामकरण केलेल्या, सांत घटक पद्धतीत वस्तूचे लहान घटक पाडून प्रत्येकात विस्थापन बहुपदीने लिहितात. बहुपदी कधीच अनंत होत नाही. त्यामुळे जाळी जितकी बारीक करावी तितका टोकाशी मोठा आकडा मिळे व तो कोठेही स्थिरावत नसे. 1970 साली चॅन, टूबा व विल्सन यांनी अतिशय बारीक जाळी घेऊन टोकापासून थोड्या अंतरावरील उत्तरांवरून गुणक काढला. ट्रेसी यांनी 1971 मध्ये वर्गमूळ अंगभूत असलेले खास घटक रचले. राइस यांच्या 1968 च्या संकलाने तर टोकाला दुरूनच वळसा घातला.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत मनोवेधक वाटते. आठ गाठींच्या घटकात प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक गाठ असते. ती मध्यावरून फार सरकवू नये, अन्यथा घटकाचे रूपांतरण बिघडते, हे जाणकारांना ठाऊक होते. हेन्शेल व शॉ यांनी 1975 मध्ये, आणि बारसूम यांनी स्वतंत्रपणे 1976 मध्ये, ती मुद्दाम बिघाडाच्या सीमेवर, म्हणजे टोकापासून चतुर्थांश अंतरावर, नेऊन ठेविली. घटकाच्या अंतर्गत मापाने तिन्ही गाठी 0, 1/2 व 1 येथे असतात. प्रत्यक्षात त्या 0, 1/4 व 1 येथे आल्या. म्हणजे प्रत्यक्ष अंतर हा अंतर्गत मापाचा वर्ग झाला, आणि अंतर्गत माप हे अंतराचे वर्गमूळ! साध्या बहुपदीतच वर्गमूळ उतरले; तिच्या विकलनाने मिळणाऱ्या विकृतीत व्यस्त वर्गमूळ आपोआप आले. संगणकाच्या आज्ञावलीत एक ओळही बदलावी लागली नाही. हेन्शेल व शॉ यांच्या निबंधाचे शीर्षकच असे होते की, भेगेच्या टोकासाठी खास घटक अनावश्यक आहेत. शास्त्रीय निबंधाचे शीर्षक इतके भांडखोर क्वचितच असते. बारसूम यांनी चौकोनी घटकाची एक बाजू टोकाशी मिटवून त्रिकोण केले, त्यामुळे विलक्षणता केवळ कडांवर न राहता टोकातून निघणाऱ्या प्रत्येक दिशेस लाभली.

1999 मध्ये बेलिच्को, ब्लॅक, मोएस व डॉल्बो यांच्या निबंधांनी गाठींनाच वर्गमूळयुक्त फलने जोडली. भेग वाढली तरी जाळी नव्याने विणण्याचे कारण उरले नाही. तथापि चतुर्थांश गाठीचे घटक आजही प्रचारात आहेत. त्यांचा उपयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, संगणक प्रतिबल घटकाच्या आतील बिंदूंवर काढतो व तेथून टोकापर्यंत ओढून नेतो. टोकाच्या गाठीसमोर छापून येणारा आकडा कितीही नेटका दिसला तरी त्याला अर्थ नसतो.